सावली लांब आहे तोवर

मुलांनो, होळी झाली की आपल्या मराठवाड्यातलं ऊन जेमतेम तीन-चार आठवडे शहाण्यासारखं वागतं. मग एप्रिल सरकू लागला, की दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय राहत नाही. सुट्टी मे महिन्यात असते हे खरं, पण फिरायचे दिवस हेच! कडुनिंबाला मोहोर येतोय, पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटतेय. "पण बाई, परीक्षा?" अरे, एका रविवारने कुणी नापास होत नाही.

मागे मी वर्गात विचारलं, "कोण कोण सहलीला कुठे गेलंय?" कुणी महाबळेश्वर सांगितलं, कुणी शिर्डी. एक मुलगा मात्र गप्प. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आमच्याकडे गाडी नाही." गाडी नाही म्हणजे सहल नाही, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. तेव्हा आजची आपली सहल बिनगाडीची. आई-बाबा, आजी, धाकटी भावंडं, सगळ्यांनी निघायचं. सुरुवात क्रांती चौकातून, सकाळी सात वाजता.

बरोबर काय घ्याल? टोपी, पाण्याची बाटली, आईने केलेले धपाटे आणि लसणाची चटणी. घड्याळ नसलं तरी चालेल, कारण आपली सावलीच आपलं घड्याळ आहे. सावली आपल्यापेक्षा लांब आहे तोवर खुशाल हिंडायचं. ती आपल्या उंचीएवढी झाली, की झाडाखाली जायचं. मार्चच्या शेवटी आपल्या गावात हे दहाच्या सुमाराला होतं. पुन्हा ती उंचीएवढी होते साधारण साडेतीनला. मधला वेळ उन्हाचा, आपला नव्हे.

क्रांती चौकात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बसवलेला हा पुतळा चबुतऱ्यासह ५२ फूट उंच आहे. सकाळी सातला त्याची सावली केवढी लांब पडते पाहा, पार रस्त्यापलीकडे जाते! २१ मार्चच्या सुमाराला दुपारी साडेबारानंतर तीच सावली एकोणीस फुटांच्या आसपास येते. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशीच होते. आहे की नाही गंमत?

पण या चौकाला 'क्रांती' नाव का? वर्गात विचारलं तर बहुतेकांनी पुतळ्याकडे बोट दाखवलं. गोष्ट वेगळी आहे. जून १८५७. उत्तरेत इंग्रजांविरुद्ध उठाव पेटला होता. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालच्या फौजेचं, घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीकडे नेऊन आपल्याच माणसांवर हत्यार चालवायला लावणार, अशी कुणकुण स्वारांना लागली. ते बिथरले. त्यांना वठणीवर आणायला पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने कॅप्टन अ‍ॅबटवर गोळी झाडली. त्याला फाशी झाली. आणखी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. या जागेला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. त्या शिक्षा इथेच झाल्या, असं गावात सांगतात. रोज रिक्षातून आपण इथून जातो, सिग्नल सुटण्याची वाट बघतो. या रविवारी पाच मिनिटं थांबा. आजीला ही गोष्ट तुम्ही सांगा. एरवी तीच सांगते ना!

आता चला. पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक असं करत भडकल दरवाजाकडे जायचं. दुकानं उघडलेली नसतात, त्यामुळे रस्ता मोकळा. पैठण गेटशी जरा मान वर करून कमान बघा. भडकल दरवाजा बांधला मलिक अंबरने, १६१२ मध्ये. हा दूर आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पुढे निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६१० मध्ये त्याने हे गाव वसवलं. तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. नुसतं गाव वसवून भागत नाही, पाणी लागतं. म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. ना पंप, ना वीज! नुसत्या उताराने पाणी गावभर खेळवलं. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार, हे कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या आपल्या घरांना याची किंमत निराळी सांगायला नको.

पुढे खाम नदीकाठी पाणचक्की. एव्हाना सावली आखूड झालेली असेल. इथली नहर नंतरची. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी येतं, उंच भिंतीत चढतं आणि धबधब्यासारखं हौदात पडतं. त्या जोरावर जातं फिरायचं आणि इथे राहणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत! डोक्यावर एवढं पाणी, म्हणून खाली गारवा. उन्हाळ्यात यात्रेकरू तिथे विसावा घेत. कमी पावसाच्या वर्षी मात्र ही धार बारीक होते, कधी बंदही पडते. तसं दिसलं तर बाबांना विचारा, यंदा पाऊस किती झाला होता? आवारातल्या जुन्या वडाच्या सावलीत पाठ टेका. गाण्याच्या भेंड्या खेळा, पण हळू आवाजात. शेजारी दर्गा आहे.

साडेतीन वाजले, सावली पुन्हा लांबली, की बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ही आई-बाबांना आवडणारी गोष्ट. ताजमहाल सगळा संगमरवराचा आहे. इथे मात्र घुमट आणि खालचा थोडा भाग संगमरवरी, बाकी चुन्याचा गिलावा. सकाळपासून चकवणारं ऊन इथे आपलं काम करतं. कलत्या उन्हात संगमरवर कुठे संपला आणि गिलावा कुठे सुरू झाला, ते नुसत्या डोळ्यांनी शोधायचं. हात लावायचा नाही. ज्याला आधी सापडेल, त्याला उसाचा रस.

धपाटे उरले असतील, तर आतल्या हिरवळीवर डबा उघडू नका, चालत नाही. फाटकाबाहेर येऊन खा आणि मग घरी जायची बस पकडा.