न पेटलेलाच बरा

देवघरातील नंदादीप विझला म्हणजे घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. दिवा तेवत असावा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची भावना. परंतु एक दिवा असा आहे की, तो न पेटण्यातच घराचे कुशल असते. मोटारीच्या चालकापुढे, काट्या-आकड्यांच्या गर्दीत, ब्रेकच्या बिघाडाची सूचना देणारा तांबडा दिवा असतो, तो हा.

सिल्वासा येथील आमच्या जुन्या जीपला तो नव्हताच. चारही चाकांना ड्रम, आणि त्या चारांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग, अशी तिची घडण. कोठेही नळी फुटली की पेडल तळाला टेकावयाचे आणि चारही चाके एकदम मोकाट व्हावयाची. खानवेलपर्यंतचा वीसेक किलोमीटरांचा रस्ता एक वेळ निभावेल; पुढे दुधनीच्या वाटेला चढउतार लागतात, आणि गाडीत मुलेबाळे असतात. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेतला. आता पुढच्या चाकांचा मार्ग वेगळा, मागच्यांचा वेगळा.

काम झाल्यावर मी दिव्याची गोष्ट काढली, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाला, “आता दिवा कशाला, शेठ? एक बाजू गेली तरी दुसरी आहेच ना!”

“मिस्त्रीभाई, दुसरी आहे म्हणूनच दिवा हवा,” मी म्हणालो.

जुना ब्रेक आपले मरण स्वतःच ओरडून सांगत असे. नवा आपले अर्धे मरण लपवून ठेवतो. पेडल जरा खोल जाते, गाडी जरा पुढे जाऊन थांबते. सपाट रस्त्यावर चालक तिकडे काणाडोळा करतो. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे तिला थांबविण्याचे मोठे काम पुढची चाके करतात. त्यांचाच मार्ग निकामी झाला असेल, तर उतारावर सारे ओझे मागच्या दोन ड्रमांवर पडते, ते तापत जातात, आणि त्या वेळी सत्य कळून काय उपयोग? अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी ब्रेक सक्तीचे झाले, तेव्हा सूचना देणारा दिवाही त्यांच्याबरोबर सक्तीचा झाला.

त्याची वायरिंग मोठी साधी. किल्ली फिरविली की वीज फ्यूजमधून दिव्याकडे येते. दिव्याची दुसरी तार दोन ब्रेकमार्गांच्या मधोमध असलेल्या स्विचकडे जाते. तेथे एक लहानसा दट्ट्या असतो. दोन्हीकडचा दाब सारखा असेतो तो मध्यावर राहतो. एकीकडचा पडला की तो त्या बाजूस सरकतो, तार गाडीच्या लोखंडी अंगाला मिळते आणि दिवा लागतो. याच तारेला हँडब्रेकचा स्विचही जोडतात. हँडब्रेक ओढून किल्ली फिरविली की दिवा लागावा, सोडला की विझावा. बल्ब शाबूत असल्याची ही रोजची खूण.

मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. हँडब्रेकची तार धड असूनही दट्ट्याकडे जाणारी तार तुटलेली असू शकते. दिव्याचे मौन दोन प्रकारचे: एक ब्रेक निरोगी असल्याचे, दुसरे तार तुटल्याचे, चालकाला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून किल्ली चालू ठेवून, हँडब्रेक सोडून, दट्ट्याच्या स्विचवरील तार काढावी आणि तिचे टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवावे. दिवा लागला तर तार जिवंत.

आमच्याकडचा पाऊस तारांच्या जोडांना गंज चढविल्याशिवाय राहत नाही. म्हणून पावसाळा सरताच ही परीक्षा होते, आणि आता मिस्त्रीच ती आधी करतो. तार टेकवून तो मला हाक मारतो, “शेठ, लागला का?” मी “लागला” म्हणतो, तो तार पुन्हा जागी बसवितो, आणि मगच गाडी दुधनीच्या रस्त्याला लागते.