परळांतील दीड महिना

मुंबईचें परळ पूर्वीं गिरण्यांसाठीं प्रसिद्ध होतें. आज परगांवचा मनुष्य तेथें येतो तो बहुधा टाटा रुग्णालयाची वाट विचारीत. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढील वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या नांवाच्या न्यासानें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें रुग्णालय उघडलें. १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुशक्ति खात्याकडे आहे.

धाकट्या भगिनीच्या किरणोपचारांसाठीं आम्हांस मुंबईंत दीड महिना राहण्याचा योग आला. हे किरण रोज कांहीं मिनिटेंच दिले जातात. परंतु बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, आणि असे कित्येक आठवडे. दूरच्या गांवच्या माणसानें तेवढे दिवस राहावें कोठें? ही अडचण जाणून दादर पूर्वेस गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा चालते. महाराजांनीं (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधल्या. दादरास उतरणारे यात्रेकरू म्हणजे रुग्ण आणि त्यांचे सोबती. आम्हीहि तेथेंच उतरलों होतों.

भगिनीच्या सासरीं या रोगाचें नांव कोणी घेत नसे. घरांत उपवर कन्या, तेव्हां बाहेर वाच्यता नको, असा सर्वांचा कटाक्ष. चार महिने ती बिचारी 'तब्येत जरा बरी नाहीं' एवढेंच ऐकत आणि सांगत आली होती. धर्मशाळेंत दुसऱ्याच दिवशीं यवतमाळकडील एका शेतकऱ्यानें भाकरी थापतां थापतां तिला विचारलें, "माह्या बायकोले तोंडाचा हाये, ताई. तुमाले?"

क्षणभर ती गप्प राहिली, मग म्हणाली, "स्तनाचा." त्या रात्रीं त्याच्या पत्नीपाशीं ती दहा वाजेपर्यंत बोलत बसली होती. रोगाविषयीं थोडें, मुलीविषयीं फार.

सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन आहे. प्राचीन वैद्यांस ज्याचें नांव घेण्याचा संकोच वाटला नाहीं, तो आपल्या सुशिक्षित घरांत कां वाटावा? हा रोग शिवल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं. थोड्या घराण्यांत त्याची प्रवृत्ति आनुवंशिक असते, हें खरें; परंतु तेथें तर लेकींस सत्य कळणें अधिकच अगत्याचें, कारण त्यांना वेळेवर तपासणी करून घेतां येते. लग्नासाठीं झांकलेली गोष्ट मुलीच्याच जिवावर बेतूं शकते. भगिनीनें मुलीस पत्र लिहून सर्व कळविलें, तें धर्मशाळेच्या ओट्यावर बसूनच.

ज्यांच्या घरीं हा आजार असेल, त्यांनीं एका तरी जिवलगापाशीं नांव घेऊन बोलावें. समाचारास जाणाऱ्यांनीं रुग्णाप्रमाणेंच शुश्रूषा करणाऱ्याचीहि विचारपूस करावी. त्याची झोप झाली कीं नाहीं, तो जेवला कीं नाहीं, हें पाहावें, आणि जातांना एक वेळचा डबा न्यावा. दादरच्या धर्मशाळेंत हें कोणास शिकवावें लागत नाहीं.