मेगाब्लॉकमधला दम

रे रोड, मुंबई
रविवार

चि. अन्वय यास


तुझ्या कार्यक्रमाची पत्रिका पोचली. व्हायोलिन, चेलो, पियानो, पखवाज, आणि विषय काय, तर शांतता! मामी म्हणाली, मग तिकीट कशाचं काढायचं?

जॉन केजचं ते चार मिनिटं तेहेतीस सेकंदांचं प्रकरण तुम्ही करणार, हे वाचून गंमत वाटली. २९ ऑगस्ट १९५२ला वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर पियानोशी बसला, झाकण मिटलं, घड्याळ बघत पानं उलटली आणि एकही सूर न वाजवता उठला. पण त्याआधी, १९४६ साली, अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पखवाज वाजवायच्या. त्यांनी केजला आपलं संगीत शिकवलं, त्याने त्यांना तिकडचं. गाण्याने मन शांत व्हावं, हे त्याने ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. पखवाज ठेवलाच आहेस, तर पत्रिकेत त्यांचंही नाव घाल.

तुझा प्रयोग मी आज घरी करून पाहिला. हार्बर लाइनला मेगाब्लॉक, शेजारच्या दारूखाना भागातही रविवारची सामसूम. खिडकीत खुर्ची टाकून, मोबाइलवर वेळ लावून बसलो. एक कुकरची शिट्टी, एक कावळा. मग लांबून लोखंडावर लोखंड. कुणीतरी एकटाच पत्रा ठोकत असावा. ठण्, ठण्, ठण्, ठण्. माझा हात आपोआप मांडीवर गेला. पाचवा ठोका आलाच नाही. त्या न आलेल्या ठोक्याएवढी शांतता मला लख्ख ऐकू आली. बाकीचा वेळ मी, खरं सांगतो, भाजी काय असेल याचा विचार केला.

आमच्या तबल्यात म्हणूनच शांतता मोजून देतात. त्रितालात नवव्या मात्रेला टाळी नाही, हात उघडा टाकायचा. रूपकात तर समच खाली. दमदार तिहाईत दोन पल्ल्यांमधला दम, म्हणजे थांबणं, कमी पडला की सगळं घसरलं. गुरुजी बोल चुकला तर हसायचे. दम चोरला तर तबला बंद करायला लावायचे.

न मोजता येणारी शांतताही असते म्हणा. ऑपेरा हाउसपाशी देवधर मास्तरांच्या शाळेत घडलेले कुमार गंधर्व क्षयाने खचून जानेवारी १९४८ला देवासला गेले. वय तेवीस. डॉक्टरांनी गाणं बंद केलं, ते काही वर्षं. माळव्यातली लोकगीतं ऐकत पडून राहायचं. सम कधी येणार, येणार की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पुढे त्यांच्या गाण्यात मध्येच थांबणं असायचं, त्याला लोक म्हणतात की फुप्फुस अधू, श्वास पुरायचा नाही. मला नाही पटत. तिहाईतला दम काय श्वास घ्यायला ठेवलेला असतो?

तेव्हा तुम्ही गप्प बसण्याआधी पखवाजवाल्याला चार आवर्तनं वाजवू दे. लोकांचे हात चालू झाले की मग थांबा.

आमची दोन तिकिटं ठेव. मामीला कडेची खुर्ची दे, तिला खोकला झालाय.

तुझा,
मामा