दोन सारखे कप

कोल्हारहून कामानिमित्त मुंबईस गेलो, तेव्हा धर्मग्रामातील एक वयोवृद्ध बाबा आमच्या सोबतीस होते. सकाळी धोबीतलावच्या गल्ल्या पाहत आम्ही मेट्रो सिनेमासमोरील कयानीत शिरलो. हे इराणी उपाहारगृह १९०४ सालचे. जात-धर्म न विचारता सर्वांस एकाच टेबलावर चहा देणे, ही इराण्यांची जुनी ख्याती. बाबा मात्र दाराशीच थांबले. "फादर, माझा चहा इथंच पाठवा."

क्षणभर आम्हांस उमगेना. मग आठवले, त्यांच्या बालपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या लोकांसाठी कानतुटका कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे. चहा पिऊन तो आपणच विसळायचा.

हात धरून आम्ही त्यांना आत बसविले. पोऱ्याने ब्रून-मस्का व दोन सारखे कप ठेवले. बाबांनी आपला कप फिरवून फिरवून न्याहाळला.

पुढे गिरगावातील खोताच्या वाडीत शिरलो. तेथील लाकडी सज्ज्यांची घरे आम्ही हौसेने दाखविली. बाबांच्या मुखी एकच, "कप सारखेच होते, फादर."

वर्षानुवर्षे आम्ही त्यांना ख्रिस्तप्रसाद दिला. पण सणाच्या जेवणात बाबा कोठे बसतात, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.