लागणीच्या आधी

बारामती

प्रिय नंदे,

तुझं पत्र पोचलं. तिकडं कॅनडात मे महिन्यातही स्वेटर लागतो म्हणतेस, इथं दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्याशिवाय बसवत नाही. ‘अजून माती तपासायचंच काम करतेस का?’ असं विचारलंस. करते गं, आणि मनापासून करते. आज त्याबद्दलच लिहिते, घरचं बाकी फोनवर बोलू.

सकाळच्या इंदापूर एस.टी.नं काटेवाडी, भवानीनगर, सणसर करत जंक्शनला उतरायचं, हा नेम तसाच आहे. वाटेत नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलेलं दिसलं की सगळी एस.टी. पाळीबद्दल बोलायला लागते. 1885 च्या सुमाराचा हा कालवा. त्यानं आपल्या भागाला ऊस दिला, कारखाने दिले, तुझ्या-माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच उसाच्या बिलातून गेली. पण पिढ्यान्‌पिढ्या सरीत मोकाट पाणी सोडलं आणि निचऱ्याकडं कुणी पाहिलं नाही, तिथल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. पावसात पाय रुतावा असा चिखल, उन्हात दगडासारखं ढेकूळ.

परवा अंथुर्ण्याकडचे एक आजोबा रिपोर्ट न्यायला आले. सामू 8.9. आकडा ऐकून म्हणाले, “ताई, जमीन हातची गेली का?” मी त्यांना शेजारी बसवलं. काचेच्या दोन ग्लासांत डिस्टिल्ड वॉटर घेतलं. एकात चांगल्या जमिनीचं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्यांच्या रानातलं. पहिल्याचे बारीक तुकडे झाले, पण पाणी नितळ राहिलं. त्यांचं ढेकूळ मात्र कडेनं विरघळत गेलं आणि बघता बघता पाणी दुधाळ झालं. सोडियम जास्त झाला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. बराच वेळ ते ग्लासाकडं बघत होते. मग म्हणाले, “आता काय करायचं ते सांग.”

उपाय आहे, पण सावकाशीचा. आधी चर काढून पाण्याला वाट द्यायची, नाहीतर जिप्समचा पैसा पाण्यात. मग तपासणीत निघेल तेवढंच जिप्सम शेणखतात मिसळून टाकायचं, धैंचा पेरून फुलावर आला की गाडायचा. ऊस लावायचाच तर तग धरणारा फुले 265 लावायचा. माणूस हे सगळं ऐकतो आणि बोलता बोलता भावकीच्या वाटणीवर, पुण्याला गेलेल्या मुलावर येतो. ते ऐकून घ्यावंच लागतं. जो दुसऱ्याचं रान खंडानं करतोय, तो पुढच्या वर्षांसाठी जिप्सम का टाकेल? रिपोर्टात हे कुठं असतं?

या कामानं मला हे ऐकणं शिकवलं. आमच्या चिरंजीवांनी बारावीनंतर थेट एमआयडीसीत नोकरी धरतो म्हटलं, तेव्हाही मी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. त्याच्या मनात आजोबांच्या औषधपाण्याची काळजी होती, हे मला त्यातूनच कळलं. आणि कॉलेजात वक्तृत्वाला तू पुढं असायचीस, मी मागच्या बाकावर. आता गावोगावच्या पारावर मी माणसांपुढं उभी राहून बोलते. तू बघायला हवं होतंस असं फार वाटतं.

थोड्या दिवसांत तुकोबांची पालखी येईल. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. मराठवाड्यातले वारकरी पाणी प्यायला आमच्याकडं थांबतात आणि हटकून आपल्या रानाचं विचारतात. पायी चालून दमलेला माणूस घरच्या जमिनीबद्दल बोलायला लागला की ताजातवाना होतो. मला तो दिवस सणासारखा वाटतो.

एक काम. तुझा भाऊ लासुर्ण्याचं रान यंदा आडसालीला धरतोय म्हणालीस. जुलैच्या मध्याला लागणी सुरू होतील, त्याआधी नमुना आणून दे म्हणावं. खत टाकायच्या आधी, आठ-दहा ठिकाणी पाऊण फुटाचे व्ही आकाराचे खड्डे घेऊन, कडेची माती खरवडून. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याची नको. सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची, अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या पोत्यात मुळीच नको. आत चिठ्ठीवर गट नंबर आणि आधीचं पीक लिहायला सांग.

तुझी,
शैला