पूल एकच

बकरी ईदला गोश्ताचे वाटे नाल्यापलीकडच्या वस्तीत पोचायला संध्याकाळ झाली. मी आणखी पोरं लावत होतो. अब्बा म्हणाले, "पोरं कितीही लाव, पूल एकच आहे."

वर्गात मी हेच शिकवतो : जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह त्याच्या सर्वांत कमी क्षमतेच्या छेदाइतकाच. फोर्ड आणि फल्करसन यांचा हा सिद्धान्त १९५६ मध्ये छापून आला. पण त्यामागे १९५५ चा एक गुप्त अमेरिकी अहवाल होता. सोव्हिएत रेल्वे कुठे तोडता येईल, हे त्यात शोधलं होतं.

गणित तेच. अडणारी जागा कळल्यावर ती तोडायची की रुंद करायची, हे समीकरण सांगत नाही, नियत सांगते.

पुढच्या ईदला निम्मी कुर्बानी पुलापलीकडेच करायची, असं आम्ही ठरवलंय.