बाबांची छर्‍याची बंदूक आणि दोन काळे

बाबांची छर्‍याची बंदूक माझ्याहून वयाने मोठी आहे. शिसवाचा दस्ता, निळसर काळी नळी, आणि जिथे त्यांचा डावा हात धरतो तिथे नळीवर तपकिरी झाक. ४.५ मिमीची साधी स्प्रिंगवाली बंदूक, ताकद २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. रविवारी पोहे झाले की मागच्या अंगणात वाळूच्या गोण्यांपुढे डब्यांची झाकणं लावायची आणि बारा मीटरवरून पाडायची, हा आमच्या घरचा नेम. पाखरावर कधीच नाही. लहानपणी मी नुसता पारव्याकडे रोख धरला होता, तर आठवडाभर बंदुकीला हात लावू दिला नव्हता.

गेल्या वर्षी झाकणं पडेनाशी झाली. हात स्थिर होता, अडचण डोळ्यांची होती. साध्या नेमात डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरं बघावी लागतात: जवळची खाच, नळीच्या टोकावरची मक्खी आणि लांबचं लक्ष्य. चाळिशीनंतर भिंग ताठरलं की हे तिन्ही एकदम जमत नाही. बाबा काही बोलले नाहीत. चार रविवार त्यांनी कपाटच उघडलं नाही, एवढंच.

दुर्बीण लावली तर फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर, सारखीच स्पष्ट दिसतात. म्हणून मी एक मागवली. स्प्रिंगच्या बंदुकीला कुठलीही चालत नाही हं. पिस्टन पुढे धावतो तशी बंदूक आधी मागे उसळते, आणि तो थांबताना पुढे झटका देते. साधी दुर्बीण या दुहेरी दणक्याने आतून खिळखिळी होते. बारा मीटरवर स्पष्ट दिसेल अशी, पुढे फोकसची कडी असलेली हवी होती, तीही मिळाली. बंदुकीच्या पाठीवर ११ मिमीची खाच होतीच, तिथे बसवली.

बाबांनी लांबूनच बघितली. "अरे, नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं दिसतंय. काढ ते."

आता मी स्क्रीनवर रंग निवडणारा माणूस. तिथे काळा म्हणजे तीन शून्यं, विषय संपला. इथे दोन्ही वस्तू काळ्याच, पण शेजारी ठेवल्या की एकमेकींना ओळख देईनात. नळी पोलादाची. तिचा काळेपणा म्हणजे पृष्ठभागावरच तयार केलेला लोखंडाचा ऑक्साइड, खाली धातूची चमक जिवंत. दुर्बिणीची नळी अॅल्युमिनियमची. तिच्यावर अॅनोडायझिंगचा सच्छिद्र थर, त्यात भरलेला काळा रंग, राखाडीकडे झुकलेला आणि मॅट. पोलादाचं ब्लूइंग अॅल्युमिनियमवर होतच नाही. म्हणजे रंगच द्यावा लागणार.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक उस्ताद आहेत. त्यांनी नळी उन्हात फिरवून बघितली आणि म्हणाले, "भिया, रंग बाद में, पहले चमक मिलाओ." हे मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. त्यांनी काळ्यात निळ्याचे चार थेंब घातले, तपकिरीचा एक, आणि वरचं लॅकर अर्धवट चमकीचं ठेवलं. त्यांच्याकडे गाडी साठ अंशांवर सुकवतात. दुर्बिणीला ती भट्टी नको म्हटलं. आत नायट्रोजन भरलेला असतो, तो रबरी कड्यांवर टिकून असतो, तापवून त्यांची परीक्षा कशाला घ्या?

रंग मारायला पाच मिनिटं लागली. त्याआधीच्या तयारीला दोन संध्याकाळी. काचांवर कागदाच्या चकत्या आणि मास्किंग टेप. फोकसच्या कडीवरचे आकडे, वरची-बाजूची बटणं, अनुक्रमांक, सगळं झाकलं. माउंट जिथे आवळतात ते दोन पट्टेही झाकले, कारण नळी २५.४ मिमीची आणि माउंट त्याच मापाचे. मध्ये रंगाचा थर आला तर तो दाबाने सोलतो आणि दुर्बीण सरकते. मग आठशे नंबरच्या पेपरने हलकं घासलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि त्यानंतर बोट लावलं नाही. अॅल्युमिनियमवर रंग धरवणारं प्रायमर, वर पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर वाट बघणं. पुढे आठ दिवस सावलीत टांगून ठेवली. आई म्हणाली, दुधी भोपळा टांगल्यासारखं दिसतंय.

वॉरंटी गेली, हे बायकोने आठवण करून दिलं. गेली.

बसवून बाबांच्या हातात दिली. त्यांनी आधी नेम धरला नाही. नळीवरून दुर्बिणीवर अंगठा फिरवला, परत मागे आणला, खिडकीकडे वळून उजेडात बघितलं. मग "गोण्या लाव" म्हणाले.

पहिले तीन छर्रे डावीकडे गेले, ते बटण फिरवून जुळवले. चौथ्याला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण पडलं. माउंटचे स्क्रू अजून चकचकीत आहेत. ते त्यांनी मला परवा दाखवले, आणि उस्तादांकडे निळा शिल्लक आहे का, ते विचारून यायला सांगितलं.